चार इंच मागं

मु. हिंगोली
आश्विन शुद्ध तृतीया, सन १९४८

प्रिय मसाजी,

तुझं पत्र परवा मिळालं. फौज आल्यापासून रस्ता मोकळा झालाय, मोटारी पुन्हा वऱ्हाडात बाशीमपर्यंत जाऊन राहिल्या आहेत, तसं टपालही सरळ यायला लागलंय. तुझं अक्षर लांबूनच ओळखलं. मास्तरांनी किती छड्या मारल्या, तरी ओळ सोडून चढावर जायची त्याची खोड काही गेली नाही. पत्र दुकानात उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग घरी नेऊन चतुराला वाचून दाखवलं. तू लिहितोस, मी त्या दिवशी गप्प बसलो हे माझं चुकलं. पाट लाथाडायला पाहिजे होता, हत्यारं उचलून तुझ्या हातात कोंबायला पाहिजे होती, मग तुझी बहीण सिंधू आज जिती असती. हे तू एकाच पत्रात तीन ठिकाणी लिहिलंस. आणि पत्राच्या पाठीमागं दुसऱ्याच कुणाच्या हातच्या चार ओळी आहेत, त्या तुला ठाऊक नसतील. तुझ्या आईनं, यशोदामावशीनं, गुपचूप लिहून घेतल्यात. मावशी म्हणते, पोरगी कोजागिरीला वर्षाची व्हईल, आजून बारसं न्हाई, नाव न्हाई, अन् बाप तिला एकदाबी उचलून घेईना. रांगत जवळ आली की उठून भाईर जातो. रखमाजी, तो तुजं आयकतो, तूच कायतरी लिव्ह. म्हणून बसलोय. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा.

तुला वाटत असेल, पत्र वाचून रखमाजी रडला असेल. नाही रडलो. खरं सांगायचं तर मला वर्षभरात काही होईनासंच झालंय. चैतात एका मोटारीचा तापलेला पाइप हाताला लागला. फोड आला, फुटला, चिघळला, आणि चतुरानं हात धरून दाखवला तेव्हा मला कळलं. एकदा तिच्या हातून आमटीत मीठ पडायचं राहिलं. पोरांनी तोंडं वाकडी केली आणि मी दोन भाकरी खाऊन उठलो. चतुरा बघतच राहिली. म्हणाली, अवो, तुमाला काईच कळलं न्हाई? मला खरंच कळलं नव्हतं. गेल्या महिन्यात फौज आली, तेव्हा सगळं गाव रस्त्यावर होतं. गुलाल काय, पेढे काय, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. मी दुकानात बसून एका डायनामोचे ब्रश बदलत होतो. कुणीतरी येऊन माझ्या कपाळाला गुलाल लावला, मी तो बाहीनं पुसला आणि काम पुढं चालू केलं. वाईट वाटलं नाही आणि बरंही वाटलं नाही. आधी मला वाटायचं हे दुःख असावं. दुःख असं नसतं रे. माझा बाप गेला तेव्हा दुःख झालं होतं, ते मला चांगलं आठवतं.

बरं, आधी तुझ्या मोटारीची खबर देतो. मोटार आहे. तू पत्रात तिचं नावही काढलं नाहीस, पण सांगायला पाहिजे. वर्षभर दुकानामागच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीखाली होती. दोनदा माणसं येऊन विचारून गेली, नरसीकडच्या धनगराची ती मोटार कुठं आहे म्हणून. मी म्हणलं, भंगारात गेली. फौज आल्यावर कडबा काढला, बॅटरी भरून आणली. आता चालते. परवा कयाधूच्या पुलापर्यंत नेऊन आणली. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडतात. पूर्वी हे असं कुणाला सांगताना माझी छाती फुगायची, ते तुला माहीत आहे. तू मला त्यावरून चिडवायचास की, रखमाजी, ही मोटार तेलावर न्हाई, तुज्या बढाईवर चालते.

ती पहिल्यांदा आली तो दिवस आठवतो का? चव्वेचाळीस साल. लढाई चालू, पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं. तू मेंढरांचं अर्धं खांड विकून कळमनुरीच्या एका व्यापाऱ्याकडून ही बत्तीस सालची मोटार उचलून आणलीस. पुढं दोन माणसं बसतील एवढी केबिन, मागं उघडा हौदा, आणि पाठीला कोळशाच्या गॅसची ती धुरकट टाकी लटकवलेली. तू आणि मी टाकी पेटवली आणि अर्ध्या तासात दोघांची तोंडं अशी झाली की मावशीनं आपल्याला ओळखलं नाही. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी तुला खुळ्यात काढलं. धनगरानं मेंढरं विकून लोखंड आणलं, लोखंड काय व्यायला बसणार आहे? तू नुसता हसलास. सिंधू पुढं बसली, तिनं हॉर्नचा रबरी फुगा दोन्ही हातांनी धरला आणि वाडीपासून नरसीपर्यंत सोडलाच नाही. देवळाकडं आलेली माणसं दोन्ही बाजूंना पळत होती. परत आल्यावर मला म्हणते, दादा, आता तू दाजींची मोटार बिघडू द्यायची न्हाई, न्हाईतर मला पायी यावं लागंल माहेरी. तुला दाजी म्हणायला मला तिनंच शिकवलं. आपण दोघं एका कांबळ्यात मेंढरामागं हिंडलेलो, तुला अहोजाहो करायला माझी जीभच वळायची नाही. लग्नानंतर महिनाभर मी म्हणत होतो, दाजी, तू जेवलास का? सगळी हसायची.

आता मूळ गोष्टीवर येतो. तू मोटार चालवलीस, पण तिच्या खाली तू कधी शिरला नाहीस, म्हणून नीट सांगतो. गेल्या वर्षी भादव्यात घाटाच्या चढाला गिअरपेटीचे दात तुटले. तसली पेटी आता कुठं मिळत नाही. मी अकोल्याला गेलो, लढाईतलं सामान विकायला काढतात तिथून फौजी गाडीची एक पेटी आणली. पेटी चांगली होती, इंजिनाला बसतही होती, फक्त जुनीपेक्षा चार इंच लांब. मोटारीखाली पुढून मागं गेलेले दोन लांब लोखंडी पट्टे असतात, तिची सगळी हाडं त्यावरच. त्या दोघांच्या मधोमध एक आडवा असतो आणि पेटीचं शेपूट त्या आडव्यावर टेकतं. पेटी चार इंच लांब, म्हणजे आडवाही चार इंच मागं न्यायला पाहिजे. मागच्या चाकांकडं जाणारा फिरता दांडा तेवढाच आखूड करायला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पण आडवा कारखान्यात रिव्हेट ठोकून बसवलेला असतो, तो काही खुंटीवरची पिशवी नव्हे. आठ रिव्हेटांची डोकी छिन्नीनं उडवायची, पाठीवर झोपून, डोळ्यांत लोखंडाचा चुरा घेत. मग लांब पट्ट्यांना नवी भोकं पाडायची, छातीनं दाबायच्या हातगिरमिटानं. एका भोकाला दीड तास लागतो. अशी आठ भोकं. मी सर्वपित्रीला हे काम हातात घेतलं होतं. तुला म्हणलं होतं, अष्टमीला काम संपतं, नवमीला सकाळी चावी घेऊन जा.

तेव्हा वाडीवर काय चाललं होतं ते तुला मी काय सांगू? रझाकार आसपासच्या गावांतून फिरत होते. आज या गावची कणगी लुटली, उद्या त्या गावचा पाटील उचलून नेला. मेंढरं घेऊन वऱ्हाडात उतरायचं तुमचं ठरलं होतं. मेंढरं रानानं आधी गेली, तुझ्या चुलतभावानं नेली. राहिली होती मावशी, तू आणि सिंधू. सिंधूला आठवा सरून नववा लागत होता. बैलगाडीचे धक्के तिला सोसायचे नाहीत, म्हणून तुम्ही सगळे मोटारीसाठी थांबला होतात. पैनगंगा ओलांडली की रझाकारांची हद्द संपली, सुटलो, असं तू म्हणायचास. मोटारीनं दोन तासांचं काम. सगळं त्या आडव्यावर अडलं होतं. हे मला तेव्हाही बराबर ठाऊक होतं. कुणी म्हणेल, रखमाजीला माहीत नसेल, तर तसं नाही.

नवमीला सकाळी तुम्ही तिघं गाडीनं हिंगोलीला आलात. बोचकी बांधलेली, मावशीच्या मांडीवर देव्हाऱ्यातले टाक फडक्यात गुंडाळलेले. सिंधू गाडीतून उतरताना माझ्या खांद्याला धरून उतरली, तिच्या पायांवर सूज होती. तू सरळ दुकानात शिरलास. मोटार चाकांखाली लाकडं घालून उभी, पेटी खाली जमिनीवर, आडवा भिंतीला टेकवलेला. आणि समोर पाट. पाटावर पाने, छिन्न्या, हातोडे, कानशी, गिरमिट, सगळं धुऊन पुसून मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं, झेंडूच्या माळा घातलेल्या. तू विचारलंस, किती राहिलं? मी म्हणलं, काही नाही, पेटी उचलून लावायची आणि चार बोल्ट आवळायचे राहिलेत. पण आज खंडेनवमी, हत्यारं पाटावर बसली, आता उद्या दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय उचलता येत नाहीत. उद्या शिलंगणाच्या आत मोटार वाडीवर घेऊन येतो. तू पाटाकडं बघितलंस. आपल्यात या दिवशी कातरीसुद्धा मेंढराला लावत नाहीत, बाप लावू द्यायचा नाही. तू चप्पल काढलीस, पुढं होऊन हात जोडलेस आणि म्हणालास, व्हय, बराबर हाय. हत्यारांचा दिवस हाय. बस, एवढंच बोललास. यालाच तू गप्प बसणं म्हणतोस.

मग आपण बाहेर ओट्यावर बसलो. चतुरानं चहा दिला. तू म्हणालास, दुपारला लालसिंगची सर्व्हिस मोटार बाशीमला जाऊन राहिली, ह्या दोघींला तिच्यात बसवून देऊ का? मी उद्या येतो मागून. हे तुझ्या पत्रात नाही. तू विसरलास की मला सांभाळून घेतोयस ते मला कळत नाही. पण मी विसरलो नाही. मी म्हणलं, काहून? त्या मोटारीत माणसं टपावर बसलेली असतात, बसायला जागा मिळणार नाही, हिला कुणाचं तरी कोपर लागेल. एका दिवसानं काय बिघडतंय? उद्या आपल्या मोटारीत मागं गादी टाकून नेऊ, राणीवाणी. सिंधू म्हणाली, दादा म्हणतो तेच बरं, मला आपल्याच मोटारीतून जायाचं. चारच्या सुमाराला तुम्ही गाडी जुंपून वाडीवर परत गेलात. लालसिंगची मोटार त्याच्याआधी तासभर, तुम्ही आत जेवत असताना, माझ्या दुकानावरून गेली. ती अर्धी रिकामी होती, मसाजी. टपावर कुणी नव्हतं. खिडकीतून मला आतली बाकं दिसली. ती त्या बाजूची शेवटची फेरी. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला नाक्यावर गाड्या अडवल्या आणि सर्व्हिस बंद झाली, ती मग या साली फौज आल्यावरच सुरू झाली.

दसऱ्याला मी आलो नाही. एकादशीला आलो नाही. मी निरोप पाठवला की पुजेनंतर काम काढलं तर एक बोल्ट पिचला, दोन दिवस लागतील. तू उलटा निरोप दिलास की, घाई करू नको, काम पक्कं कर. चतुर्दशीला रझाकारांनी वाडीच्या गंज्या पेटवल्या आणि पौर्णिमेच्या पहाटे तुम्ही गाडीनं निघालात. रस्ता सोडून, शेताशेतांतून, नांगरलेल्या ढेकळांवरून. पुढचं मला तुझ्याकडून कळलेलं नाही, बैलं हाकणाऱ्यानं पाच दिवसांनी येऊन सांगितलं. पैनगंगेच्या अलीकडं बाभळीखाली सिंधूच्या पोटात कळा सुरू झाल्या. जवळ मावशीशिवाय बाईमाणूस नव्हतं. पोरगी झाली, ती रडली. सिंधूचं अंगावरून जाणं थांबलं नाही. मावशीनं आपलं लुगडं फाडून दिलं. दुपार कलायच्या आत सगळं झालं. तू तिला गाडीत घालून नदी ओलांडलीस आणि पलीकडच्या काठाला अग्नी दिलास. तो सांगत होता आणि मी समोर बसून ऐकत होतो. त्यानं विचारलं, पानी देऊ का? मी म्हणलं, तू पी. त्या दिवशी जे काही माझ्यातलं बंद पडलं ते अजून चालू झालेलं नाही.

त्यानं जाताना तुझा निरोप सांगितला. रखमाजीला म्हणावं, मनाला लावून घिऊ नको, पाट मांडेल व्हता, त्याचा काय दोष. त्यानंतर जो भेटायला आला तो हेच बोलला. खंडेनवमीला कोण हत्यार उचलतं? देवाच्याच मनात नव्हतं. चुलते बोलले, बाजारातले बोलले, ज्यांच्या मोटारी दुरुस्त केल्या ते सावकार बोलले. चतुरा मात्र बोलली नाही. ती माझ्याकडं बघायची आणि भाकरी थापायची. एकदाच म्हणाली, दरसाली तुमी हत्यारं नवमीला सकाळी मांडता, गेल्या साली अष्टमीलाच दिवस बुडायच्या आत मांडली. मी म्हणलं, काम संपलं होतं म्हणून मांडली. आणि मी काय केलं असेल? मी त्या पाटावर वर्षभर बसून राहिलो. कुणी सिंधूचं नाव काढलं की मीच आधी म्हणायचो, काय करणार, खंडेनवमी होती. सांगून सांगून माझंच मला खरं वाटायला लागलं होतं. तू वऱ्हाडात काय करत असशील याचा विचार मी केला नाही असं नाही, पण मला वाटलं, तू देवाला बोल लावून मोकळा झाला असशील, आपण काहून उकरायचं? तू देवाला सोडून स्वतःलाच धरून बसलास हे मला परवा कळलं. आणि त्यापायी ती पोरगी बाप असून पोरकी.

तर आता लिहितो. चार बोल्ट राहिले नव्हते, मसाजी. आडवा बसतच नव्हता. डाव्या पट्ट्यावर मी टेपानं इंच मोजून खुणा केल्या होत्या, अकोल्याच्या माणसानं माप इंचातच दिलं होतं. अष्टमीला सकाळी उजव्या पट्ट्याच्या खुणा करायच्या होत्या. त्याच्या आदल्या दिवशी मी सिंधूला टेकायला हौद्यात फळ्या बसवाव्यात म्हणून सुताराचा लाकडी गज मागून आणला होता, तो मोटारीखाली माझ्या हाताशी पडलेला. टेप पलीकडं राहिलेला. कोण बाहेर सरकतंय, म्हणून मी गज उचलला, चार मोजले आणि पंच मारला. गजावर तसूच्या खुणा असतात हे शाळेतलं पोरगंही सांगेल. चार तसू म्हणजे साडेपाच इंच. दीड इंचाचा फरक, आणि मला तो दिसला नाही. मी मोठा मेस्त्री, डोळ्यानं ओळंबा सांगतो म्हणून मिरवणारा. चारी भोकं पाडली, सहा तास छातीनं गिरमिट दाबून, आणि आडवा उचलून लावला तर तिरपा. नवी भोकं पाडावीत तर ती चुकलेल्या भोकांना चिकटूनच येत होती, मध्ये लोखंड उरत नव्हतं, भरल्या मोटारीखाली पट्टा फाटला असता. वरून जाड पत्रा जोडून मग भोकं पाडायला पाहिजेत, लोहाराचं आणि माझं मिळून चार दिवसांचं काम; ते पुरं झालं तेव्हा पौर्णिमा उलटून गेली होती. तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. तू दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतास. मला तुझ्या तोंडावर म्हणवेना की मेव्हण्या, मी चुकलो. सिंधूसमोर तर नाहीच. मी हत्यारं धुतली आणि पाटावर मांडली, एक दिवस आधी, म्हणजे तू आलास की विचारायचंच कारण उरणार नाही. देवाचा पाट मी लबाडी झाकायला मांडला. सर्व्हिस मोटारीला नाही म्हणलं तेही त्याच्यासाठीच. तुम्ही त्या मोटारीनं निघून गेला असतात, तर माझ्यावर भरवसा न ठेवता गेलात असं झालं असतं, ते मला सोसलं नाही. मी नवमीला खरं बोललो असतो तर तू त्याच दुपारी दोघींना लालसिंगच्या मोटारीत बसवलं असतंस आणि सिंधू संध्याकाळी बाशीमला पोचली असती. एवढीच गोष्ट आहे. तू पाट लाथाडला असतास, हत्यारं माझ्या हातात कोंबली असतीस, माझ्या थोबाडात मारली असतीस, तरी ती मोटार त्या दिवशी जागची हलली नसती. तू गप्प बसलास ते भित्रा म्हणून नाही, तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास म्हणून. त्यात तुझी चूक नाही. माझं काय करायचं ते तू ठरव. मोटार न्यायला ये किंवा दुसऱ्या कुणाला पाठव, भेटायचं नसेल तर मी त्या दिवशी दुकानात राहणार नाही. पण ते नंतर. आधी कागद खाली ठेव, आत जा आणि पोरीला उचलून घे.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क आता तुझ्या हाती,
रखमाजी